‘कोरियन मजकूर इंग्रजीत आणा आणि मोकळे व्हा’ म्हणे!

डेटावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक पोस्ट फिरते आहे. मला आठवडाभरात तीनदा आली. म्हणणं असं, की कोरियन इंटरनेटवर कोण काय बोलतं, कोण कोणाशी जोडलेलं आहे हे तपासायला वेगळी साधनं बनवणं म्हणजे पैशाची नासाडी. एआयकडून मजकूर इंग्रजीत आणा, इंग्रजीसाठीच्या तयार साधनात टाका, संबंधांचा नकाशा काढा: माणसं किंवा शब्द म्हणजे टिपके, त्यांच्यातले संबंध म्हणजे रेषा. शब्द तोडणं सोपं, लिपी सोपी, नेटवर्क काय सगळीकडे सारखंच, आणि डेटा तर उघड्यावर पडलेला. कोरियन मजकुराशी माझी रोजची झटापट आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘आधी भाषांतर, मग विश्लेषण.’ जेवण झालं का, हे कोरियन माणूस मित्राला ‘पाब मोगोस्सो?’ असं विचारतो आणि साहेबांना ‘शिक्सा हाश्योस्सुम्निक्का?’ असं. मराठीत ‘जेवलास का’ आणि ‘आपलं जेवण झालं का’ असा फरक आपसूक उतरतो. इंग्रजीत दोन्हींचं एकच वाक्य होतं. आता कोण कोणाला मान देतं, कोण कोणाच्या बरोबरीचं, हेच तर आम्हाला मोजायचं असतं! आदराने बोलणारा मध्येच ‘पान्माल’वर, म्हणजे एकेरीवर आला, की तिथे एकतर भांडण पेटलेलं असतं नाहीतर मैत्री जमलेली असते. भाषांतरात ही खूणच पुसली जाते. शिवाय कोरियन वाक्यात कर्ता बऱ्याचदा नसतोच. यंत्र आपल्या मनाने ‘तो’ किंवा ‘ती’ घालतं आणि पुढचं साधन त्या काल्पनिक माणसाला खरा धरून चालतं.

त्यातून मुद्दाम यंत्राला चकवणारे आहेत ते वेगळेच. परदेशात भाड्याने घेतलेल्या खोलीबद्दल खरी तक्रार लिहिताना कोरियन प्रवासी अक्षरं वाकडी करतात, अक्षराच्या तळाशी एखादं नको ते व्यंजन चिकटवतात. कोरियन वाचक पुटपुटत वाचतो आणि त्याला अर्थ लागतो. घरमालकाचं भाषांतराचं ॲप मात्र गोंधळतं, आणि हेतूही तोच असतो. दुसरा खेळ दिसण्याचा. कुत्र्याला लाडाने ‘मोङमोङी’ म्हणतात, आपलं भूभू. ते अक्षर पडद्यावर जवळपास ‘देङ’सारखं दिसतं, म्हणून लोक ‘देङदेङी’ लिहू लागले. हा शब्द आता इतका रुळलाय की एआयच्या मोठ्या मॉडेलांना तो येतो. पुढच्या महिन्यात निघेल तो येणार नाही.

‘शब्द कुठे संपतो ते रिकाम्या जागेवरून कळतंच की.’ हे मराठी माणसाने फॉरवर्ड करावं याचं मला नवल वाटतं. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुण्याचा हे इंग्रजी पद्धतीने मोजणाऱ्या साधनाला चार वेगळे शब्द वाटतात. कोरियनचंही तेच. ‘हाक्क्यो’ म्हणजे शाळा, ‘हाक्क्योए’ शाळेला, ‘हाक्क्योएसो’ शाळेत किंवा शाळेतून. त्यात घाईत लिहिणारे जागाच सोडत नाहीत. तिथल्या शाळकरी मुलांचा जुना विनोद आहे: ‘आबोजिगाबाङे तुरोगाशिन्दा’. ‘आबोजिगा बाङे’ असं तोडलं तर बाबा खोलीत जातात, ‘आबोजि गाबाङे’ असं तोडलं तर बाबा पिशवीत जातात.

हा गुंता जुनाच आहे. दक्षिण कोरियातल्या येउङ्नाम विद्यापीठाचे हान-वू पार्क आणि ॲमस्टरडॅमचे लोएट लायडेस्डॉर्फ यांनी 2004 मध्ये ‘केआरक्विक’ हा प्रोग्रॅम मांडला, तोच मुळी कोरियन मजकुरातले शब्द मोजण्यासाठी आणि कोणते शब्द एकत्र येतात याचा तक्ता काढून तो नेटवर्कच्या साधनाला देण्यासाठी. 2014 मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी ‘कोएनएलपाय’ हे साधन आलं. त्यात शब्द फोडणारे अनेक विश्लेषक एका छपराखाली आहेत, हान्नानुम, क्कोक्मा, कोमोरान वगैरे. एकच वाक्य तिघांना द्या, तिघांची फोड एक येईलच असं नाही. बीटीएस या पॉप बँडचं कोरियन नाव ‘बाङ्तान सोन्योन्दान’, शब्दशः ‘बुलेटप्रूफ बालवीरांचं पथक’. ते शब्दकोशात आपण हाताने घातलं नाही, तर नकाशावर एक टिपका ‘बुलेटप्रूफ’चा आणि दुसरा ‘बालवीरांच्या पथका’चा उमटू शकतो. मग बसा, कोरियात संरक्षण खात्याची एवढी चर्चा का चालली आहे याचा शोध घेत.

लिपीचा मुद्दा थोडक्यात उरकते. हंगुल ही कोरियन लिपी शास्त्रशुद्ध आहे, वादच नाही. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेली खूण देणाऱ्या पद्धतीत, तिची 11,172 जोडलेली अक्षरं आहेत, आणि तेच अक्षर सुट्या तुकड्यांतूनही लिहिता येतं. ‘हंगुल’ हा शब्द दोन खुणांचा असू शकतो किंवा सहा खुणांचा. डोळ्यांना सारखाच, यंत्राला वेगळा. ‘दुसऱ्या’तला ऱ कधी एका खुणेचा तर कधी र आणि खालच्या टिंबाचा निघतो आणि शोध फसतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना आणखी सांगायला नको.

‘टिपके आणि रेषा, नेटवर्क सगळीकडे सारखंच.’ इथे मी स्वतः आपटले आहे. ‘डीसी इन्साइड’ या 1999 पासूनच्या साइटवर लॉगिन न करता लिहिता येतं, आणि मग नावाशेजारी आयपी पत्त्याचे, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाचे, चारपैकी फक्त पहिले दोन आकडे दिसतात. माझ्या पहिल्या नकाशात ‘223.62’ नावाचा एक गृहस्थ मधोमध सूर्यासारखा बसला होता. सगळे त्याच्याशी जोडलेले. दोन दिवस मी त्याच्या ‘प्रभावा’वर टिपणं काढली. तो मोबाइल कंपनीचा सामायिक पत्ता निघाला, हजारो लोकांचा. तिकडे अशा पत्त्याला ‘तोङ्पी’ म्हणतात. आधी कोणाला तरी विचारलं असतं तर टिपणं वाचली असती.

शिवाय नुसता मजकूर पुरत नाही. 2018 च्या ‘ड्रुकिंग’ प्रकरणात (हे एका ब्लॉगरचं टोपणनाव) नेव्हर या कोरियन पोर्टलवरच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रियांना मॅक्रो, म्हणजे आपोआप क्लिक करणारा प्रोग्रॅम, वापरून ढिगाने पसंत्या दिल्या गेल्या. हिवाळी ऑलिम्पिकमधल्या दोन्ही कोरियांच्या संयुक्त आइस हॉकी संघाच्या बातमीसाठी 614 आयडी वापरल्याचं तपासात निघालं. प्रतिक्रियांचं कितीही सुरेख भाषांतर करा, त्यात हे सापडणार नाही. त्यासाठी कोणत्या मिनिटाला किती पसंत्या पडल्या, याची नोंद ठेवणारं साधन लागतं, आणि ते त्या साइटची रचना माहीत असल्याशिवाय बनत नाही.

‘डेटा उघडाच आहे.’ बराचसा नाही. नेव्हर आणि दाउम या पोर्टलांवरच्या ‘काफे’ गटांत सभासद झाल्यावरही वरची श्रेणी मिळेपर्यंत कित्येक पानं बंद असतात. आणि हाती आलं म्हणून वापरलं, तर काय होतं ते ‘इरुदा’ चॅटबॉटच्या कंपनीला विचारा. काकाओटॉक या मेसेजिंग ॲपवरच्या लोकांच्या खाजगी गप्पांवर तो शिकवला होता. 2021 मध्ये कंपनीला 10 कोटी 33 लाख वॉनचा दंड झाला.

पोस्टमधलं एक मान्य: चर्चेचा ढोबळ सूर कळायला एआयचं भाषांतर पुरतं, मीही वापरते. खर्चाचं म्हणाल तर ‘कोएनएलपाय’ फुकट आहे. महाग पडतो तो वेळ. माझ्या हाताने भरलेल्या शब्दकोशात या आठवड्यात एकोणीस नवे शब्द गेले, त्यातल्या दोघांचा अर्थ मला अजून लागलेला नाही.