अंतराळयुद्धात ताफा लपवता येत नाही

मानव आणि परग्रहवासीयांची आघाडी यांच्यातील काल्पनिक युद्धाविषयी एक विधान वारंवार केले जाते: अंतराळ अथांग आणि काळोखे असल्यामुळे संख्येने कमी असलेल्या मानवी ताफ्याने इंजिने बंद करावीत, लघुग्रहांच्या पट्ट्यात दबा धरून बसावे आणि शत्रू जवळ येताच झडप घालावी. ही कल्पना पाणबुडीच्या लढाईवरून घेतलेली दिसते. पण पाणबुडीला समुद्राचा आडोसा असतो, यानाभोवती मात्र काहीच नसते.

काळोखाचा मुद्दा आधी घेऊ. हा काळोख केवळ आपल्या डोळ्यांपुरता आहे. अवरक्त किरण टिपणाऱ्या दुर्बिणीला उणे २७० अंश सेल्सिअसच्या पार्श्वभूमीवर माणसे वाहणारे यान ठळक दिसणार, कारण ते आतून सुमारे २० अंशांवर ठेवावेच लागते आणि तेवढ्या तापमानाचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ४०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. इंजिन बंद केल्याने हे थांबत नाही; माणसांची शरीरे, हवा शुद्ध करणारी यंत्रे आणि संगणक उष्णता निर्माण करतच राहतात. ती आत कोंडून ठेवली, तर काही काळाने खलाशीच होरपळतील.

यावर एक विचार करण्याजोगे उत्तर दिले जाते: उष्णता शत्रूच्या विरुद्ध दिशेला सोडावी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या जेम्स वेब दुर्बिणीची पाचपदरी ढाल सूर्याची उष्णता अडवून दुर्बीण उणे २२० अंशांखाली ठेवते, म्हणजे एक बाजू थंड राखणे शक्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु ही युक्ती एकाच दिशेने पाहणाऱ्या शत्रूपुरती चालते. येथे समोर आघाडी आहे. तिच्या घटकांनी सूर्यमालेभोवती निरनिराळ्या ठिकाणी टेहळणी याने पेरली, की मानवी ताफ्याची तापलेली बाजू त्यांपैकी कोणाच्या तरी दृष्टीस पडणारच. विधान करणारे नेमके हेच विसरतात.

लघुग्रहांचा पट्टा दाट नाही. दोन लघुग्रहांमधील सरासरी अंतर लाखो किलोमीटरांचे असते, आणि पायोनियर १० हे यान १९७२-७३ मध्ये तेथून सुखरूप पार झाले. सेरेससारख्या ९४० किलोमीटर व्यासाच्या पिंडाआड दडले, तरी बाहेर पडताना इंजिन पेटवावेच लागेल आणि ती ज्वाला दुरूनही दिसेल. इंजिन न पेटवता वाहत राहिल्यास कक्षा गुरुत्वाकर्षणाने ठरते, म्हणून ताफा कोठे पोचेल याचे गणित शत्रूला आधीच मांडता येते.

खरी संधी प्रकाशाच्या विलंबात आहे. गुरूजवळ इंजिन पेटले, तरी पृथ्वीजवळच्या टेहळणी यानाला ते अर्ध्या तासाहून अधिक काळानंतर कळते, आणि तेथून सुटलेला आदेश गुरूजवळच्या सैन्याला मिळायला तेवढाच वेळ पुन्हा जातो. आघाडीची दले जितकी दूरवर विखुरलेली, तितका त्यांच्यातील हा विलंब मोठा. तिच्या एका तुकडीवर उघडपणे चालून जाऊन, इतरांची मदत पोचण्याआधी तिचा निकाल लावणे हाच मानवी ताफ्यापुढचा पटण्याजोगा डाव आहे.