चौकात गाडी, पुण्यात पावती

आमच्या तालुक्याच्या गावात मेन रोडवर गाडी लावायचे पैसे घ्यायचे, असा ठराव नगरपंचायतीत मंजूर झाला. दुचाकीला पाच रुपये, चारचाकीला दहा, ट्रॅक्टरला वीस. विरोध कोणीच केला नाही, कारण पैसे कोणीच देणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. पण एका उत्साही सदस्याने 'आणि हे सगळं मोबाइलवरून' अशी पुस्ती जोडली. ती पुस्ती टेंडर होऊन फिरत फिरत पुण्याला आमच्या कंपनीत पोचली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ह्याच गावात घरी बसून डिझाइनचं काम करतो, हे साहेबांना नेमकं त्याच दिवशी आठवलं.

"तू तर तिथलाच. तुला ग्राहक माहीत आहे," साहेब म्हणाले.

ग्राहक मला माहीत होता, हीच तर अडचण होती.

साहेबांनी पाठवलेल्या कागदावर एक काल्पनिक ग्राहक होता. वय २८, आयटीत नोकरी, खांद्याला लॅपटॉप, कायम घाईत. तो गाडी लावतो, झोन निवडतो, गाडीचा नंबर टाकतो, वेळ निवडतो, पैसे भरतो, अर्ध्या मिनिटात मोकळा. हा लॅपटॉपवाला आमच्या बुधवारच्या बाजारात मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या ग्राहकाला फटफटी चालती असतानाच कोणीतरी ओळखीचं दिसतं. मग तो दोन्ही पाय जमिनीला टेकवून रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि "मंग, पऱ्हाटी काय म्हंते?" असं कपाशीपासून सुरुवात करतो. इंजिन चालूच असतं. ह्याला पार्किंग धरायचं की नाही, असं मी साहेबांना लेखी विचारलं. 'आपल्या कामाच्या कक्षेत नाही,' असं उत्तर आलं.

मग मी पानठेल्यावर विषय काढला. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १९३५ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत बसलं, तासाला पाच सेंट घ्यायचं, असं सांगून थोडा भाव खावा, एवढाच हेतू. ठेल्यावर एक निवृत्त ग्रामसेवक असतात, सगळे त्यांना बापू म्हणतात. ते खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटून व्हायची वाट बघत होते.

"पस्तीस? अबे, आपल्या इथं कोंडवाडा होता त्याच्या लय आधी. गुरांचा कायदा अठराशे एकाहत्तरचा. दुसऱ्याच्या वावरात ढोर शिरलं का नेलं कोंडवाड्यात. दंड भरल्याबिगर सोडत नव्हते. चाऱ्या-पाण्याचे पैसे निराळे. तुह्या मीटरमंदी गाडीले पाणी पाजते काय?"

मी गप्प बसलो. घरी येऊन पाहिलं, तर कायदा खरंच १८७१ चा आणि चाऱ्या-पाण्याचा खर्चही त्यात धरलेला. इंग्रजाने ढोरांसाठी केलेला विचार आमच्या ॲपच्या आराखड्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला होता. साहेबांना हे कळवलं नाही. त्यांनी चारा-पाण्याचाही रकाना मागितला असता.

रकान्यांचं म्हणाल तर 'गाडीचा नंबर टाका' हा कागदावर सगळ्यात निरुपद्रवी दिसत होता. बाजारात पहिल्याच माणसाला विचारलं, तर म्हणाला, "नंबर मले काय मालूम? गाडी साळ्याची हाय. साळा दिग्रसले गेला." दुसऱ्याची गाडी स्वतःची होती, पण पाटी काळ्या मातीने अशी लिंपलेली की नांगरूनच वाचावी लागली असती. तिसऱ्याच्या पाटीवर ४१४१ चा 'दादा' केलेला. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत, पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि साधे आकडेच पाहिजेत, हे मी त्याला नम्रपणे सांगितलं. "वाचता येते ना?" तो म्हणाला, "मंग टाक. दादा." ॲपच्या रकान्यात 'दादा' बसेना. तो म्हणाला, मग ॲप बदल.

म्हणून कॅमेऱ्याने पाटी वाचायची सोय केली. शेजारच्या मामांच्या गाडीवर ती तपासली. पाटीवर लिंबू-मिरची लोंबत होती. ॲपने लिंबाचा शून्य धरला, मिरच्यांचे एक-एक धरले आणि मोठ्या आत्मविश्वासाने एक नंबर काढून दाखवला. मामांना तो आपल्या नंबरापेक्षा जास्त आवडला.

ट्रॅक्टरचं आणखी वेगळं. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची नोंदणी कायद्याने वेगवेगळी. आमच्याकडे ट्रॉली चौकात सोडून ट्रॅक्टर निघून जातो, संध्याकाळी येतो, कधी दुसराच येतो. वीस रुपये कोणाचे? आणि बैलबंडी? "बंडीले नंबर नसते," एक जण म्हणाला, "पण बैलायले नावं आहेत." मला ते पटलं. नंबरच्या रकान्याखाली मी 'किंवा नाव' असं बारीक अक्षरात घातलं. पुण्याहून त्यावर लाल शेरा आला.

वेळेचा पडदा मात्र मी स्वतः केला आणि तो चांगला झालाय, हे मी कोणाहीसमोर सांगेन. आधी तिथे अर्धा तास, एक तास, दोन तास अशी बटणं होती. ती एका शेतकऱ्याला दाखवली. "हे काय आपल्या हाती हाय?" तो म्हणाला. "मी सातबाऱ्याले आलो. तलाठी साहेब असले तर दहा मिनिटं, नसले तर पुढचा बुधवार." मुद्दा बिनतोड होता. किती वेळ लागेल हे ज्याला माहीत असतं, तो आमच्याकडे बाजाराच्या दिवशी गावात येतच नाही. म्हणून मी मिनिटं काढून टाकली आणि कामं ठेवली: कृषी केंद्र, बँक, दवाखाना, तहसील, सोयरे भेटले. प्रत्येक कामाला अंदाजे वेळ ॲपनेच धरायचा. तहसीलला ऑफिस बंद होईपर्यंत. फक्त सोयऱ्यांची वरची मर्यादा किती ठेवावी, यावर पुण्याशी बरीच पत्रापत्री झाली. सोयरे आधी चहा पाजतात, मग घरी नेतात, मग जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि त्यातून लग्नाचा विषय निघाला तर गाडी तिथेच राहते, हे त्यांच्या गणितात बसत नव्हतं.

वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी सूचना जायची. तिचा मजकूर पुण्याहून आला होता. पहिली सूचना गेली ती दवाखान्यात ईसीजीच्या रांगेत बसलेल्या एका आजोबांना. 'आपली वेळ संपत आली आहे. मुदत वाढवायची असल्यास पाच रुपये भरा.' आजोबांनी ती शेजारच्या बाईंकडून वाचून घेतली, फोन त्यांच्याच हातात दिला आणि म्हणाले, "पाचात वाढत असंल तर वाढव वं माय. दहाचे टाक." त्या बुधवारची ती एकमेव राजीखुशीची वसुली.

बाकीच्यांचं गाडं पैसे भरण्यापाशी अडायचं. पैसे नव्हते असं नाही. यूपीआय २०१६ साली आलं आणि आता आमच्या पानठेल्यावरही क्यूआर चिकटलेला आहे. पण पिन माणसाजवळ नसतो, पोराजवळ असतो. २०२२ पासून छोट्या रकमा पिन न टाकताही देता येतात, तशी यूपीआय लाइटची सोय आहे, हे मी एका काकांना उत्साहाने समजावलं. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "पिन न टाकता पैसे कटते? मंग चोर काय निराळं करते?"

आणि त्यांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. "बाबू, चौकात गाडी लावली. पाच रुपये टाक."

बाबू हिंजवडीत होता. वय २८. आयटीत. मीटिंगमधून बाहेर येऊन, घाईघाईत बोलत होता.

साहेबांचा लॅपटॉपवाला खरा निघाला की हो! फक्त गाडी त्याच्या बापाची होती आणि त्याच्यापासून सहाशेक किलोमीटरवर उभी होती. ॲपने त्याला उडवूनच लावलं: 'आपण पार्किंग क्षेत्राच्या बाहेर आहात.' ती अट मी त्याच रात्री काढायला लावली आणि 'दुसऱ्याची गाडी' असं नवीन बटण बसवलं. त्या एका बटणाने सगळं सुरळीत झालं. बापाला न आठवणारा नंबर पोराला पाठ, कारण हप्ते तोच भरतो. पिन त्याच्याकडे, नेटवर्क त्याच्याकडे. बाप चौकात गाडी लावायचा, फोनवर दोन शब्द बोलायचा, पोरगा पुण्यातून पाच रुपये टाकायचा. वसुली वाढली. साहेब खूष. नगरपंचायतीत अभिनंदनाची भाषा सुरू झाली.

पण पैसे भरले की भरणाऱ्याला पावती जाते आणि पावतीवर झोन येतो, वेळ येते, बारीकसा नकाशाही येतो. एक नंबरचा झोन बसस्टँड. दोन म्हणजे कृषी केंद्रं. तीन बँक. चार म्हणजे सरकारमान्य देशी दारूचं दुकान आणि त्याच्या मागची पत्त्यांची खोली.

पहिला फोन एका पोराचा त्याच्या वडिलांना आला. "बाबा, तुम्ही दवाखान्यात होते ना? मग पावती चार नंबरची कशी? तेही दोन तास?" हे वडील तोवर स्मार्टफोन उलटा धरणारे गृहस्थ. पण गरज पडली की माणूस काय काय शिकतो! "जीपीएसचं काही खरं नसते बावा," ते शांतपणे म्हणाले. "इकडची गाडी तिकडं दाखवते. डिझाइनवाला आपल्याच गावचा आहे, त्याले विचार." मग मला पुण्याहून फोन यायला लागले. एकाला खरं सांगावं, तर उद्या चौकात त्याच्या बापाला तोंड कसं दाखवायचं? उघड्या रस्त्यावर जीपीएस चार-पाच मीटरच्या वर सहसा चुकत नाही, आणि दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. मी म्हणायचो, "बघतो, ढगाळ वातावरण आहे." उन्हाळ्यातही मी हेच सांगितलं.

पुढच्या काही बाजारांत चार नंबरची ॲपवरची वसुली शून्यावर आली. गाड्या तेवढ्याच होत्या, उलट रांग वाढली होती. ठेकेदाराचा पावतीवाला पोट्टा तिथे उभा राहायचा आणि पाच रुपये रोख घेऊन कागद फाडून द्यायचा. त्याचा कागद ना नकाशा दाखवतो, ना पुण्याला फोन करतो. इतर झोनमध्ये कागदी पावती मागायला लाजणारे लोक इथे स्वतःहून पैसे हातावर ठेवायचे, सुटे नसले तर दहाची नोट देऊन "राहू दे बाबू" म्हणायचे. ठेकेदाराने चार नंबरसाठी जास्तीची पावतीबुकं छापून घेतली.

साहेबांचा मेल आला: 'झोन चारमध्ये काही तांत्रिक अडचण आहे का?'

'नेटवर्क नाही,' मी लिहिलं.

लगेच उत्तर आलं, की मग टॉवर बसवायची शिफारस अहवालात घालू. मी पानठेल्यावर हे नुसतं बोललो. बापू खर्रा तोंडात टाकता टाकता थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात अर्ज हजर. टॉवरच्या किरणांनी कपाशीची बोंडं गळतात, सबब मौजे येथे टॉवर नको. खाली सह्या आणि अंगठे भरपूर होते. ते कुठे बसून गोळा केले, ते मला कागद नाकाजवळ नेताच कळलं.