रात्री साडेअकराचा मेसेज

काल रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर मेसेज आला, ‘ताई, तीन-चार डिझाइन काढून पाठवा ना, आवडलं तर करू.’ मी सकाळी उत्तर दिलं. माझ्या टॅटू स्टुडिओची वेळ अकरा ते आठ, डिझाइनसाठी आधी ॲडव्हान्स, तो नंतर बिलातून वजा होतो. त्यावर दोनच शब्द आले, ‘भाव खाता.’

ते शब्द दिवसभर डोक्यातून जात नाहीयेत, म्हणून लिहितेय.

दादरला माझा छोटासा स्टुडिओ आहे. नऊ वर्षं झाली. पहिली चार वर्षं मी कुणालाच नाही म्हटलं नाही. फुकट स्केचेस काढली, घासाघीस ऐकून घेतली, दीड तास उशिरा आलेल्यालाही बसवलं आणि मग शेवटच्या कर्जत लोकलने घरी गेले. त्यात सगळ्यात जास्त नुकसान कामाचं झालं. सुई कातडीत एक ते दोन मिलिमीटर जाते. थकलेल्या हाताने ती थोडी जास्त खोल गेली की शाई आत पसरते आणि रेघ फुटते. ती फुटलेली रेघ माणूस जन्मभर अंगावर वागवतो.

एकदा एक मुलगा मानेवर वाघ काढायचा म्हणून आला. बोलता बोलता कळलं, सैन्यभरतीची तयारी चालू आहे. सैन्याच्या नियमात कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळव्याच्या मागच्या बाजूला. मानेवर नाही. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ‘पैसे मी देतोय ना?’ देत होता, पण भरती त्याची जाणार होती. अठरा पूर्ण नसतील, पिऊन आला असेल, तरी माझं उत्तर तेच असतं. त्यावर चर्चा करत नाही.

अवघड सीमा वेगळीच असते, आणि ती मला उशिरा कळली. माणूस तीन तास हात पुढे करून बसतो, दुखत असतं, मग बोलायला लागतो. एक ताई वारलेल्या वडिलांची सही मनगटावर काढायला आल्या होत्या. बँकेच्या जुन्या पासबुकावरची सही. ट्रेस करताना त्या रडल्या, मीही रडले. त्यानंतर रोज रात्री त्यांचे मेसेज यायला लागले. आधी टॅटूला खाज सुटते का, खपली काढू का, अशी चौकशी. मग घरचं, भावाचं, झोप न लागण्याचं. मी पाच महिने उत्तरं देत राहिले, कारण गप्प बसणं क्रूर वाटायचं. शेवटी माझीच झोप उडाली.

एका दुपारी मी स्वतः फोन केला. म्हटलं, ‘ताई, टॅटूबद्दल कधीही विचारा, पण स्टुडिओच्या वेळेत. बाकीचं पेलायला मी शिकलेली नाही, तुम्हाला ऐकणारं कुणी शिकलेलं हवं.’ टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर दिला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, हे माणूस तुटलं. आठ महिन्यांनी त्या आल्या, वेळ ठरवून, बहिणीला घेऊन. बहिणीला तीच सही हवी होती.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं. गोंदणारीण ओसरीवर बसायची, काम झालं की सुपातलं धान्य पदरात घ्यायची आणि पुढच्या गावाला जायची, असं आजी सांगायची. माझ्या हातातून जाणारी माणसं मात्र फोनमध्ये राहतात. त्यांच्याबद्दल माया आहे, म्हणूनच दार कधी बंद होतं ते त्यांना आधी सांगते.

येत्या शनिवारी दुपारी तीनची वेळ रिकामी आहे. काल ज्याने मेसेज केला, त्याला हवी असेल तर ती त्याची. डिझाइन मी मनापासून काढेन. ॲडव्हान्स मात्र आधी लागेल.