काकवीची बाटली पूर्ण एक किलोची आहे, ताई

नमस्कार ताई,

"एक किलोचे पैसे घेतले, घरी मापलं तर ७०० मिली भरली. ३०० ग्रॅम काकवी गेली कुठं?" असं विचारून तुम्ही एकच स्टार दिलाय. मापात खोट आहे म्हटलं की गुऱ्हाळवाल्याच्या जिवाला लागतं, म्हणून सगळा हिशेब इथंच मांडतो.

ग्रॅम आणि मिली सारखे भरतात ते पाण्याचे. काकवी पाण्यापेक्षा बरीच जड, लिटरला साधारण १.४ किलो. म्हणजे एक किलो काकवी ७१५ मिलीच्या आसपासच भरणार. तुमच्याकडे ७०० भरली, उरलेली चमचाभर बाटलीला आणि मापाला चिकटून राहिली असणार. मधाचंही असंच असतं. तेलाचं मात्र उलटं: घरातली लिटरची पिशवी बघा, तिच्यावर ९१० ग्रॅम लिहिलेलं सापडेल.

आम्ही वजनावर विकतो त्याला कारण आहे. गूळ करायचा तर रस ११८ अंशांपर्यंत आटवावा लागतो, काकवी मात्र १०५-१०६ अंशांवरच काहिलीतून काढतो. एखादा अंश इकडंतिकडं झाला की एक घाणी जरा पातळ, दुसरी जरा घट्ट. मापाने द्यायची म्हटली तर प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं वजन जाईल. काट्यावर तसं होत नाही. अशा दाट पदार्थांवर वजनच छापायचं, असा वेष्टित मालाचा नियमही आहे.

आता शंकरपाळ्यांचं. २०० ग्रॅम गुळाऐवजी तुम्ही २०० मिली काकवी घातली, पीठ सैल झालं आणि तळताना भराभर काळपटली, हे वाचून खरंच वाईट वाटलं. घरचं तूप आणि मेहनत दोन्ही वाया जातात. २०० मिली म्हणजे २८० ग्रॅम काकवी झाली, आणि तिच्यात पाव हिस्सा तरी पाणी असतं. त्यावर नेहमीएवढं पाणी घातलं तर पीठ सैल होणारच. २०० ग्रॅम गुळाला २५० ग्रॅम, म्हणजे १८० मिली काकवी घ्या आणि बाकीचं पाणी किंवा दूध ५० मिलीने कमी करा. काकवीतली साखर लवकर रंग धरते, त्यामुळं आच मंदच ठेवा. कणीक जरा घट्टच मळा, म्हणजे वरून पीठ लावायची वेळ येत नाही.

घरात काटा नसेल तर २४० मिलीचा कप म्हणजे सुमारे ३३५ ग्रॅम, १५ मिलीचा मोठा चमचा म्हणजे २१ ग्रॅम आणि ५ मिलीचा छोटा म्हणजे ७ ग्रॅम धरा. मापाला आधी तुपाचं बोट फिरवा, काकवी सगळी निघून येते. थंडीत घट्ट झाली असेल तर बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवून मग मापा.

तरीही शंका असेल तर पुढच्या बाटलीचं सील फोडायच्या आधी ती किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा, आणि रिकामी झाली की धुऊन, वाळवून परत ठेवा. फरक एक किलोपेक्षा कमी आला तर काट्याचा फोटो पाठवा, पूर्ण पैसे परत करू.