उचंत खात्यातली तलवार

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला बेळगावच्या शहापुरातली वीज गेली आणि तिच्याबरोबर माझी तलवार गेली. तलवार ऑनलाइन खेळातली होती, हे मान्य आहे; पण ती मिळवण्यासाठी सात आठवडे रोज जेवणानंतर दलदलीतले बेडूक मारत मी जी झोप घालवली, ती माझ्या खऱ्या डोळ्यांची होती. माझे वय बावन्न आहे आणि घरात या विषयावर कोणी माझ्याशी बोलत नाही.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. ती तलवार मी पुण्याच्या भाच्याला देत होतो ती मायेपोटी नव्हे. अशा काही खेळांत प्रत्येक पात्राच्या पिशवीची नोंद सर्व्हर वेगवेगळी आणि थोड्या थोड्या वेळाने करत असतो. घेणाऱ्याची पिशवी नोंदली गेली आणि देणाऱ्याची नोंदली जाण्याआधीच त्याची इंटरनेटची जोडणी तुटली, तर देणारा परत आल्यावर जुन्या नोंदीप्रमाणे वस्तू त्याच्याकडेही असते. म्हणजे एकीच्या दोन होतात. खेळाडू याला ‘ड्युप’ म्हणतात. ‘मामा, मी तीन म्हटलं की वायर उपटायची,’ असे भाच्याने फोनवर बजावले होते. तो ‘दोन’ म्हणाला आणि गल्लीत अंधार झाला. मी दिल्याची नोंद झाली, त्याला मिळाल्याची झाली नाही, आणि एकीच्या दोन व्हायच्या त्याऐवजी एकीची एकही उरली नाही.

त्याच वेळी शेजारचे अण्णा मेणबत्ती मागायला आले. अण्णांनी एका पतसंस्थेत तीसएक वर्षे खतावण्या लिहिल्या आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांना जुळवायला काही उरलेले नाही. माझा चेहरा पाहून त्यांनी कोण गेले म्हणून विचारले. तलवार गेली, असे मी म्हणालो. मेणबत्तीचे विसरून ते खुर्चीत बसले.

‘दिलीस कुणाला?’

‘भाच्याला.’

‘त्याला पोचली?’

‘नाही.’

‘मग तुझ्याकडंच असणार की.’

‘माझ्याकडेही नाही, अण्णा.’

‘असं कसं होईल? एका बाजूला नावे पडली की दुसऱ्या बाजूला जमा पडायलाच पाहिजे. तिथं रोजकीर्द कोण लिहितो?’

‘सर्व्हर.’

‘त्याला फोन लाव की.’

सर्व्हर हा माणूस नसून यंत्र आहे, हे समजावण्यात दहा मिनिटे गेली. त्यावर अण्णांनी विचारले की जमा-नावे जुळत नसताना त्या यंत्राने दिवस बंद कसा केला. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मला वाटते, खेळ तयार करणाऱ्यांकडेही नसावे. विषय बदलावा म्हणून मी त्यांना मोठ्या माणसांच्या घोटाळ्यांच्या गोष्टी सांगू लागलो.

‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाची चाचणी 1997 च्या ऑगस्टमध्ये चालू होती. खेळाचे निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः ‘लॉर्ड ब्रिटिश’ नावाचा राजा होऊन प्रजेसमोर उभे राहिले. राजाला मरण येऊ नये अशी सोय खेळात होती. पण सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर ती सोय चालू करायला ते विसरले. एका खेळाडूने सहज म्हणून आगीचा मंत्र टाकला आणि भर दरबारात राजा मेला.

‘कुलूप लावलंय पण किल्ली फिरवायची राहिली, म्हण की,’ अण्णा म्हणाले. ‘मग त्या पोराचं काय केलं?’

‘खेळातून काढलं. खेळातल्या चुकांचा आधी फायदा घेतला होता, त्या कळवल्या नव्हत्या, असं कारण दिलं.’

‘आणि राजाला?’

‘राजाला काय करणार?’

अण्णांना फार समाधान वाटले. ‘बरोबर आहे. चौकशी नेहमी खालच्याचीच होते,’ असे म्हणून त्यांनी पाय वर घेतले, म्हणजे मुक्काम लांबणार हे मी ओळखले.

मग ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधली 2005 च्या सप्टेंबरमधली साथ सांगावीच लागली. हक्कार नावाचा राक्षस लढताना रक्तातून रोग पसरवी आणि तो रोग त्याच्या देवळापुरताच राहावा अशी योजना होती. पण शिकाऱ्यांच्या पाळीव प्राण्यांना तो लागला आणि त्यांच्याबरोबर भरल्या शहरांत पोहोचला. नवखे खेळाडू जागच्या जागी मरू लागले, रस्त्यांत सांगाडे पडले. दुकानदार वगैरे खेळातलीच पात्रे असल्यामुळे ती मरत नसत, पण रोग मात्र देत. शेवटी कंपनीला सर्व्हर पुन्हा सुरू करूनच ही साथ आटोक्यात आणावी लागली. 2007 साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावर लेख आला.

‘म्हणजे गिऱ्हाईक मेलं आणि दुकानदार ठणठणीत,’ अण्णा म्हणाले. ‘यात नवीन काय सापडलं त्यांना?’

2021 साली ‘न्यू वर्ल्ड’मध्ये खेळाची खिडकी माउसने धरून हलवत राहिले की पात्राला इजाच होत नसे, हेही मी सांगितले. ते अण्णांनी मुळीच मानले नाही. खिडकी हलवून जर कोणी वाचत असेल तर आपण साठ वर्षे उगाच घाबरून जगलो, असे त्यांचे म्हणणे पडले.

याच ओघात मला माझी आवडती गंमत आठवली. पुष्कळ खेळांत राक्षस आपल्या हद्दीच्या टोकापर्यंतच पाठलाग करतो आणि मग निमूटपणे माघारी वळतो, म्हणून हुशार तिरंदाज नेमके सीमेवर उभे राहून बाण मारतात. सीमेवरचा माणूस सर्वांत सुरक्षित असतो, ही कल्पना बेळगावात कोणाला सुचली नसती. आम्ही 1956 पासून सीमेवर उभे आहोत, महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या दाव्याच्या तारखा मोजतो आहोत, आणि अर्ज घेऊन गेले की अलीकडचे पलीकडे पाठवतात व पलीकडचे अलीकडे. आमचा पाठलाग हद्दीपाशी थांबल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

असो. वीज आल्यावर मी तक्रार पाठवली, अर्थात वायरीचा मजकूर गाळून. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: सदर व्यवहाराची नोंद आढळत नाही, हरवलेल्या वस्तू परत देता येत नाहीत. खरा राग मला इथे आला. गेल्याच महिन्यात आमच्या गटातल्या एका पोराने औषधाच्या बाटल्या दुप्पट केल्या, तेव्हा याच मंडळींनी दोन महिन्यांपूर्वीच्या बाटल्या वेळ-वारासकट शोधून काढल्या आणि त्याचे खाते गोठवले. माझ्याकडे दोन तलवारी झाल्या असत्या तर नोंद आढळली असती. एकही उरली नाही, तर आढळत नाही.

हे अण्णांना सांगितले तेव्हा ते जराही चिडले नाहीत. ‘वसुलीचं रजिस्टर आहे, देण्याचं नाही,’ एवढेच म्हणाले. मग घरी जाऊन त्यांनी लाल कापडी बांधणीची जुनी वही आणली, चष्मा पुसला आणि पट्टीने रेघ ओढून माझ्यासमोर लिहिले: ‘उचंत खाते. तलवार, नग 1. फरक सापडेपर्यंत.’ हिशेबात न जुळणारी रक्कम उलगडा होईपर्यंत ज्यात टाकून ठेवतात, ते हे खाते. नग 1 च्या पुढे किंमत लिहायची होती. मी सात आठवडे म्हणालो. अण्णांनी थोडा विचार करून तो रकाना कोरा सोडला.

आज सकाळी कोपऱ्यावर दूध घ्यायला गेलो तर तिथे अण्णा होते आणि आणखी चौघे होते. ‘काय रे, उचंतीतली तलवार सुटली काय?’ अण्णांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले. चौघेही माझ्याकडे पाहू लागले. त्यांतल्या एकाने पिशवी खाली ठेवली, जवळ येऊन आवाज बारीक केला आणि लायसन्स आहे काय म्हणून विचारले.