जपानचं उदाहरण द्यायचंच असेल तर उसुई घाटाचं पूर्ण द्या

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. वंदे भारत मागून इंजिन न लावता घाट चढते, मग बाकीच्या गाड्या बँकर (घाटात मागून ढकलायला लावतात ते जादा इंजिन) लावायला कर्जत-कसाऱ्याला अजून कशाला ताटकळत ठेवायच्या, कमी चढाची नवी लाईन टाका आणि जुना घाट बंद करून टाका. वर डोंबिवलीच्या मामांचा शेरा, "जपानमध्ये असलं काही नसतं!"

आता मी राहतो जपानमध्येच, ताकासाकीत. इथून लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात योकोकावा येतं आणि तिथे रूळ संपतात. का संपतात ते सांगतो, कारण मामा, असलं जपानमध्ये होतं, चांगली ३४ वर्षं होतं आणि आपल्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

योकोकावा ते कारुइझावा हा उसुई घाट. अंतर जेमतेम ११ किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साधारण ५५० मीटर वर जायची. चढ १ ला १५, म्हणजे १५ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. आपला बोरघाट १ ला ३७, म्हणजे त्याच्या निम्मासुद्धा नाही. १८९३ साली लाईन सुरू झाली तेव्हा रुळांच्या मधे दातेरी पट्टी होती, त्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकवून वर चढायचं, त्यात २६ बोगदे आणि वाफेचं इंजिन, धुराने ड्रायव्हर-फायरमन अक्षरशः गुदमरायचे, म्हणून १९१२ मध्येच तिथे वीज आली आणि इंजिनं आली जर्मनीहून.

मग १९६३ मध्ये दातेरी पट्टीला रामराम करून साध्या रुळावरून चढायचं ठरलं आणि खास या एका घाटासाठी इंजिन बनवलं, ईएफ६३. एकूण फक्त २५ बनली. वजन १०८ टन, सहा मोटर, १५०० व्होल्ट डीसी (आपल्या घाटात जुन्या काळी होतं तेच). हे इंजिन कायम जोडीने आणि कायम उताराच्या बाजूला लागायचं, म्हणजे गाडी चढताना मागून ढकलायचं आणि उतरताना पुढे राहून अख्खी गाडी अंगावर झेलायची. चढण्यापेक्षा उतरणंच भीतीचं, म्हणून सगळं डोकं ब्रेकवर लावलेलं. उतारावर मोटरच ब्रेकचं काम करणार, शिवाय थेट रुळाला चिकटणारा चुंबकाचा ब्रेक, आणि वेग मोजायला एक वेगळं छोटं चाक, कारण मोटरची चाकं घसरली तर त्यांच्यावर भरवसा काय ठेवायचा! चढावर वजन मागे सरकतं म्हणून चाकांवरचा भारसुद्धा मुद्दाम असमान ठेवलेला. कारुइझावाकडच्या तोंडाला दोन प्रकारचे कपलर (गाडी जोडायचे आकडे), आणि पुढे काही एक्सप्रेस गाड्यांच्या स्वतःच्या मोटर ईएफ६३ च्या ड्रायव्हरच्या हाताखाली आणल्या, त्यामुळे ८ ऐवजी १२ डबे चढायला लागले. चढायला १७ मिनिटं, उतरायला २४. एवढं करूनही १९७५ मध्ये नुसती चार इंजिनं उतरत असताना ताबा सुटून घसरलीच.

आणि बँकरचा थांबा म्हणजे वेळ फुकट, असंही नाही हो. योकोकावाला गाडी थांबायची म्हणून १९५८ पासून तिथे मातीच्या भांड्यातला भात विकायला लागले, तो आज जपानभर प्रसिद्ध आहे. कर्जतच्या दिवाडकर वड्याची गोष्ट वेगळी काय आहे?

१९९७ ला नागानोची शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन आली, पुढच्या फेब्रुवारीत विंटर ऑलिम्पिक होतं ना. ३० सप्टेंबरला घाटातली शेवटची गाडी धावली आणि दुसऱ्या दिवशीपासून योकोकावा-कारुइझावा रेल्वे खलास. टोकियोवाल्यांची चंगळ झाली, तासा-सव्वातासात कारुइझावा! योकोकावाच्या माणसाला मात्र बाजूच्याच कारुइझावाला जायला बस, नाहीतर उलटं ताकासाकीला येऊन शिंकानसेन. निर्णय अगदीच मूर्खपणाचा होता असं मी म्हणणार नाही, प्रत्येक गाडीला दोन इंजिनं आणि त्यासाठी अख्खा डेपो पोसायचा हे महागच होतं. पण रूळ गेले ते गेलेच. डेपोच्या जागेवर आता म्युझियम आहे, कोर्स करून परीक्षा पास झालात की तिथे खरं ईएफ६३ चालवायला देतात, पैसे मात्र दाबून घेतात.

आपल्याकडे हा हिशोब लागूच होत नाही. आपला चढ निम्म्याहून कमी, मालगाड्या आहेत, मुंबई-पुण्याची गर्दी आहे. जपानकडून घ्यायचंच तर घाट बघून गाडी बनवायची अक्कल घ्या, आणि ते आपण करतोय की, २०१९ ची मध्य रेल्वेची राजधानी पुढे-मागे इंजिन लावून कसारा घाट चढते, वंदे भारत तर तुम्हीच सांगताय. अशा गाड्या वाढल्या की बँकर आपोआप कमी होतील, त्यासाठी जुने रूळ उखडायची गरज काय? नवी लाईन जरूर टाका, माझी ना नाही. फक्त मामा, पुढच्या वेळी जुना घाट बंद करा म्हणायच्या आधी एवढं विचारा की नव्या लाईनवर खंडाळ्याचं स्टेशन असणार आहे का.