पेशंट माउली

वारीला निघण्याआधी आमच्या दिंडीतल्या सगळ्यांनी प्रथमोपचार शिकायचे ठरलं. डॉक्टरबाईंनी “पेशंट कोण होणार?” असं विचारलं, तेव्हा मी सतरंजीवर वाकून चष्मा शोधत होतो. चष्मा लावून वर बघतो तर सगळे माझ्याचकडे बघतायत.

छाती दाबण्यापुरता तरी रबरी पुतळा होता, कमरेपर्यंतचा. वारीत जो तो माउली, त्यामुळे तात्यांनी पुतळ्याचे खांदे थोपटले आणि अदबीनं विचारलं, “माउली, ऐकू येतंय का?” माउली गप्प. मग १०८ ला फोन. हा नंबर आमच्यात कुणाला पाठ करावा लागला नाही, जपमाळेचे मणी तेवढेच. पुढे छातीच्या मधोमध तळवे रोवून पाच-सहा सेंटिमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. ठेका पक्का म्हणून हे काम पखवाजवाल्या बुवांकडे गेलं. बुवांनी डोळे मिटून विलंबित लयीत सुरुवात केली.

“बुवा, या लयीत माउली वैकुंठाला पोचतील!”

बुवांचा अपमान झाला. ते जे दुगुनीत शिरले, ते मागच्या दोन टाळकऱ्यांनी टाळ उचलेपर्यंत थांबेनात.

मग माझी पाळी. तिकोनी पट्टीची झोळी करून डावा हात गळ्यात अडकवला. उजव्या हातावर काकूंचा सराव चालू होता. त्यांनी तो मोदकाच्या पुरचुंडीसारखा बांधला. तेवढ्यात “पोहे आले!” अशी हाळी आली आणि मंडळी मला तसंच टाकून उठली. एका सहृदय वारकऱ्यानं मला चहा पाजायला कप ओठांशी आणला. तो कलंडला, थेट पायावर.

आता मात्र सगळे धावले. नुकतंच शिकलेले वीसच्या वीस जण! एकीकडे हळद, दुसरीकडे टूथपेस्ट. तात्यांनी तर कुठूनशी शाईची दौत पैदा केली. हे नको म्हणून बाईंनी तासाभरापूर्वीच बजावलं होतं. त्यांनी सगळ्यांना हटवून मला मोरीत नेलं आणि पाय नळाखाली धरायला लावला. वीस मिनिटं, घड्याळ लावून.

हात बांधलेले, पाय नळाखाली, आणि बाहेर पातेल्याच्या बुडाशी उलथनं खरवडल्याचा आवाज. पोहे संपले. लिंबाची एक फोड उरली होती, ती घेऊन काकू लगबगीनं मोरीत आल्या. पायावर चोळायला.